नळी साफ करायचीय, सल्ला नकोय

एअरगनची नळी साफ करणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण आमच्या जळगावात गच्चीवर काहीही उघडून बसलं की शेजारून आवाज येतोच, "काय करी ऱ्हायना रे भो?" आणि मग अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

मे महिना, पारा 44 च्या पुढे, म्हणून पहाटेच बसलो. गच्चीभर आईच्या बिबड्या वाळत घातलेल्या, उरलेल्या कोपऱ्यात मी, बंदूक, नायलॉनची दोरी अन् जुन्या बनियनच्या चिंद्या. पहिले आले नाना. नाना एसआरपीतून रिटायर, त्यांच्या हिशोबाने बंदूक म्हटली की रोज फुलथ्रू मारायचा, म्हणजे दोरीला चिंदी बांधून नळीतून ओढायची. मी म्हटलं नाना, हिच्यात बारूदच नाही, स्प्रिंग पिस्टनला ढकलते अन् दाबलेली हवा छर्र्याला, त्यामुळे जळकं काही उरत नाही, नळीला लागतं ते थोडं शिसं अन् तेलकटपणा, छर्रे इकडेतिकडे पडायला लागले तरच साफ करायची.

"मंग ती बंदूकच नाही," नाना म्हणे.

तेवढ्यात चुलतभाऊ पंपाच्या ऑइलचा डबा घेऊनच वर. "सोड ना दोन थेंब, सरसर चालीन." मी नळीवर हातच ठेवला! अरे बाबा, असलं तेल पिस्टनपुढे गेलं की दाबाने हवा तापते अन् तेल पेटतं, डिझेल इंजिनात होतं तेच, धूर निघतो, फाडकन आवाज येतो, सील नाहीतर स्प्रिंग कामातून जाते. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"डिझेलवर चालते? मंग अ‍ॅव्हरेज काय देते?"

शेवटी दोघांकडे पाठ करून बसलो. स्प्रिंग न ताणता नळी थोडीच मोडायची, म्हणजे सांध्यात वाकवून उघडायची, कारण ताणली अन् चुकून घोडा दबला तर नळी जोरात मिटते अन् बोटांचं काही खरं नाही. दोरी मागून घालून तोंडाकडून ओढायची, लोखंडी गज नाहीच, तोंडाची कड घासली की नेम गेला. पहिली चिंदी काळीकुट्ट, तिच्यावर शिशाची बारीक चमक, दुसरी राखाडी, मग जरा माणसात आली. आभाळाकडे धरलं तर साडेचार मिलिमीटरच्या भोकात आटे गोल फिरत गेलेले स्वच्छ दिसले. मी तिथेच थांबलो, उगाच घासत बसण्यात अर्थ नसतो.

"अजून एक मार," नाना.

बंदूक कपाटात गेलीय, चावी बायकोकडे. तिच्याकडे मागायची हिंमत नानांचीही नाही, एसआरपी असो नाहीतर काही असो.