भिंत आमची, नंबर त्यांचा

आज सकाळी परत तेच! गेटशेजारच्या भिंतीवर स्टेन्सिल ठेवून फुस्स केलंय: 'बोअरवेल', खाली दहा आकडे. दिवाळीआधीच रंग दिला होता हो. काळ्या स्प्रेवर क्रीम रंगाचे दोन हात मारले, तरी आतून तो नऊचा आकडा भुतासारखा डोकावतोच. आधी प्रायमर मारावा लागतो, हे पैसे गेल्यावर कळलं.

खाली जोत्याचा काळा दगड, त्याची तर वेगळीच रड. वॉचमनकाकांनी थिनर ओतून चिंधीने घासलं, तर रंग पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत उतरला. अक्षरं गेली, राखाडी ढग राहिला. मग तारेचा ब्रश. आता ढगावर ओरखडे.

नंबरावर फोन केला. पठ्ठ्या विचारतो, "किती फूट मारायचंय?" मला वाटलं, तुलाच मारावं!

विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे म्हणे. त्यात कैदही आहे. इथे नंबर ढळढळीत लिहून ठेवलाय, तरी तक्रार घेणारा मलाच विचारतो, "लिहिताना बघितलंत का?"