आमदार झालात? मग प्रश्न असे विचारा की सरकारची झोपमोड व्हायला नको

अभिनंदन! पुणे शहरातल्या आठ जागांपैकी एकीवरून तुम्ही निवडून आलात असं धरून चालू. गुलाल उडाला, चौकाचौकात फ्लेक्स लागले, ज्यात तुमच्यापेक्षा शुभेच्छुकांचेच फोटो जास्त, आता मुंबईला जायचंय. जाण्याआधी एक लक्षात ठेवा, राज्यघटनेच्या कलम १६४ मध्ये मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं असं लिहिलंय. दचकू नका, लिहिलंय फक्त. विधानसभा म्हणजे तुम्हीच २८८ जण, आणि तुम्ही समजूतदारपणे वागलात तर कुणाला कशासाठी जबाबदार राहायची वेळच येत नाही.

सगळ्यात डेंजर प्रकार म्हणजे तारांकित प्रश्न. त्यात मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न येतात, म्हणजे कागदावर नसलेलंही बोलावं लागतं, आणि माणूस कागद सोडून बोलायला लागला की काय निसटेल सांगता येत नाही. म्हणून खरोखर दुखणारं काही असेल तर ते अतारांकितमध्ये टाका. उत्तर लेखी येतं, उपप्रश्नाची भानगड नाही, आणि ते येईपर्यंत तुम्ही काय विचारलं होतं हे तुमचा पीएसुद्धा विसरलेला असतो.

पण कार्यकर्त्यांना रील लागतं राव, "साहेबांनी सभागृहात आवाज उठवला" असं लिहून मागे ढोल वाजवायचा असतो, त्यामुळे अधूनमधून तारांकितही द्यावाच लागतो. मग तो असा द्या. नमुना देतो, विषय घरचाच घेऊ. "कात्रज-कोंढवा रस्त्याचे रुंदीकरण रखडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" यावर उत्तर काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको. "हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे. प्रश्न उद्भवत नाही." संपलं. या रस्त्याचं भूमिपूजन झालं २०१८ मध्ये. आता खडी मशीन चौकात मिक्सरच्या मागे अडकलेल्या, नाकाला रुमाल बांधलेल्या माणसाला मोबाईलवर वाचून दाखवा की प्रश्न उद्भवत नाही, त्याला किती बरं वाटेल बघा. आणि हो, 'अंशतः' म्हणजे नेमका किती अंश, कुठला किलोमीटर खरा आणि कुठला खोटा, हे चुकूनसुद्धा विचारायचं नाही. उपप्रश्न म्हणून उभं राहायचं आणि म्हणायचं, अध्यक्ष महाराज, मंत्रिमहोदयांनी अतिशय सविस्तर उत्तर दिलंय त्याबद्दल त्यांचं अभिनंदन, फक्त एवढंच विचारतो की यात आपण लक्ष घालणार का. मंत्री म्हणतील लक्ष घालतो, माझ्या दालनात बैठक लावतो. दालनात चहा चांगला असतो.

लक्षवेधी सूचना त्यातल्या त्यात बरी. नावातच सगळं आलं, लक्ष वेधायचं, पुढचं काही कुणाच्या अंगावर नाही. स्थगन प्रस्ताव मात्र बिनधास्त द्या कारण तो स्वीकारला जाईल ही भीती जवळजवळ नसतेच. कामकाज थांबवून आत्ताच्या आत्ता चर्चा घ्या असं तुम्ही ओरडायचं, अध्यक्ष तो नाकारणार, तुम्ही वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरायचं, टीव्हीवाल्यांना बाईट मिळते, सरकारला ताप शून्य.

कपात सूचना हा प्रकार मला पर्सनली फार आवडतो. संसदेच्या नियमात प्रतीक कपात म्हणून एक असते, म्हणजे एखाद्या खात्यानं खर्चासाठी केलेल्या हजारो कोटींच्या मागणीतून १०० रुपये कमी करा असा प्रस्ताव, आणि धोरणच मान्य नसेल तर अख्खी मागणी १ रुपयावर आणा म्हणायची सोय आहे. शंभर रुपयात हल्ली पुण्यात धड मिसळसुद्धा येत नाही, पण त्या शंभराची सूचना मंजूर झाली तर सरकारची खुर्ची डगमगते. म्हणून भाषण कडक ठोकायचं आणि मतदानाची वेळ आली की "मंत्र्यांनी आश्वासन दिल्यामुळे मी सूचना मागे घेतो" म्हणून खाली बसायचं.

हे सगळं का सांगतोय? कारण काही लोकांनी या आयुधांचा अतिरेक केला होता. फिरोज गांधींचंच बघा, स्वतः सत्ताधारी पक्षाचे, पंतप्रधान नेहरूंचे जावई, आणि १९५७ मध्ये लोकसभेत उभं राहून एलआयसीनं उद्योगपती हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम का गुंतवली ते सोडायलाच तयार नाहीत. मग न्या. छागलांची चौकशी बसली, तीही उघड, लोकांसमोर, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. घरात बसून जेवताना काय वातावरण असेल विचार करा. तुम्हाला असलं काही परवडणार आहे का? तिकीट कोण देणार पुढच्या वेळी?

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका, २००५ मध्ये प्रश्न विचारायचे पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडले म्हणून ११ खासदारांना घरी जावं लागलं. प्रश्न विचारला की तो यादीत छापून येतो. न विचारलेल्या प्रश्नाची यादी निघत नाही, एवढं सुचवून थांबतो.

उद्या मंत्री झालात तर उत्तरांचाही थोडा रियाज हवा. सप्टेंबर २०१८ मध्ये मुठा उजवा कालवा फुटला, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत दिवसाढवळ्या पाणी घुसलं, भांडीकुंडी, गॅसच्या टाक्या, पोरांची दप्तरं सगळं गेलं, तेव्हा जलसंपदामंत्र्यांनी कारण सांगितलं होतं उंदीर, घुशी आणि खेकडे. पुढच्याच वर्षी रत्नागिरीत तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हा मंत्री वेगळे होते पण खेकडे तेच. ही खरी प्रगल्भता! कंत्राटदाराचं नाव घेतलं तर तो कोर्टात जाईल, इंजिनियरचं घेतलं तर त्याची संघटना आंदोलन करेल, खेकड्याला मात्र ना उपप्रश्न विचारता येतो ना हक्कभंग आणता येतो.

सभागृहात कंटाळा आला तरी टेन्शन नाही. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत कृषिमंत्री मोबाईलवर रमी खेळतायत असा व्हिडिओ फिरला, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, बंद करत होतो. त्यांचं खातं बदललं. नवीन खातं मिळालं ते क्रीडा.

विरोधकांना तर मुळीच भिऊ नका. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात विरोधातल्या एकाही पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी धरला जाणारा २९ चा, म्हणजे एक दशांशचा आकडा गाठता आला नाही, सगळ्यात मोठा पक्ष २० वर थांबला, आणि विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. रिकामी खुर्ची सभात्याग करत नाही.

राहता राहिला अंतिम आठवडा प्रस्ताव. अधिवेशन संपत आलं की त्यात कायदा-सुव्यवस्था, शेतकरी, रस्ते, पाणी, ड्रग्ज सगळं एकाच चर्चेत कोंबतात आणि मंत्रीही तसंच सगळ्याचं मिळून एक लांबलचक उत्तर देतात. बोलायला नाव दिलंत तर पाच मिनिटं मिळतील, त्यात आपल्या मतदारसंघातल्या एका तरी मंडळाचं नाव घ्या. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, तेव्हा उत्तर ऐकायला थांबायचा विचार असेल तर परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा, शेवटच्या दिवशी नागपूर-पुणे विमान फार महाग पडतं.