मणिपूरचा चाक-हाओ, चीनच्या राजाच्या नावावर

‘चीनच्या राजाशिवाय कुणी खाल्ला तर देहदंड व्हायचा, तोच हा काळा तांदूळ! मधुमेह मुळापासून जातो, कर्करोग जवळ फिरकत नाही. आपला काळभातही हाच.’ हा मेसेज वाचून माझ्या आत्याने दोन्ही वेळा पोटभर काळा भात सुरू केला आणि मधुमेहाची गोळी अर्धी केली. म्हणून लिहायला बसले.

आधी मधुमेह. शंभर ग्रॅम कोरड्या काळ्या तांदळात साधारण ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे पांढऱ्याच्या जवळपासच. कोंडा शाबूत असल्याने साखर जरा सावकाश चढते, पण चढतेच. वाढप मोजूनच हवं, आणि गोळीचं डॉक्टरांनीच ठरवायचं.

कर्करोगाचं म्हणाल तर काळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, जांभळाच्या सालीत असतं तेच. ते चांगलंच आहे. पण आशादायक प्रयोग बहुतेक पेशींवर आणि उंदरांवर झालेत. खाल्लेल्यातलं फार थोडं रक्तात उतरतं.

काळभाताची गल्लत मात्र मला फार खटकते. अकोले तालुक्यातला काळभात सुवासिक आणि जपावा असाच, पण त्याचं तूस काळं. कांडून तूस काढलं की दाणा पांढरा निघतो. उत्तर प्रदेशातला काळानमकही तसाच. खऱ्या काळ्या तांदळाचा रंग दाण्याच्या कोंड्यात असतो. म्हणून तो शिजताना पाणी जांभळं होतं आणि पॉलिश केला की रंगच जातो.

आणि तो राजा. चीनमध्ये काळा तांदूळ दरबारी नजराणा म्हणून जाई, यापुढची देहदंडाची कथा पाकिटांवर वाढली. आपल्या देशात या तांदळाचं घर मणिपूर आहे. तिथे तो ‘चाक-हाओ’: चाक म्हणजे भात, हाओ म्हणजे चविष्ट. पोइरैतोन, अमुबी असे त्याचे वाण आहेत. तिथल्या मैतेई समाजाच्या घरांत सणासमारंभाला त्याची दुधातली जांभळी खीर होते, पारंपरिक वैद्यही तो वापरत आले. २०२० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या बियाणं राखलं ते तिथल्या शेतकऱ्यांनी, आणि आपण तो विकत घेताना त्यांचं नावही घेत नाही.

घेतलात तर हलक्या हाताने धुवा, रात्रभर भिजवा आणि त्याच पाण्यात शिजवा, नाहीतर रंग मोरीत जातो. आत्याची गोळी पुन्हा पूर्ण सुरू झाली आहे. चाक-हाओ आता आठवड्यातून एकदा, एक वाटी.