‘नायिका प्रतिकार का करत नाही?’ या प्रश्नाला उत्तर

एक संदेश पुन्हा पुन्हा समोर येतो आहे. अत्याचारातून वाचलेल्या बायकांच्या काळोख्या मानसशास्त्रीय कादंबऱ्या हे म्हणे नवं फॅड आहे, दुःखाचा बाजार आहे. त्यातल्या नायिका प्रतिकार करत नाहीत, शेवटपर्यंत सावरत नाहीत आणि अशी पुस्तकं वाचून बायकांची मनं आणखी बिघडतात. लोक ‘अगदी बरोबर’ म्हणत तो पुढे ढकलतात. अशा कादंबऱ्या आवडीनं वाचणारी म्हणून मला त्याला उत्तर द्यावंसं वाटतं.

प्रतिकाराच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. पोलीस चौकीत, कोर्टात, घरातसुद्धा तो खऱ्या बाईला विचारला जातो. टोकाच्या भीतीत शरीर आपोआप गोठू शकतं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या मदतीसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या गोठल्याचं सांगितलं होतं. तेव्हा भिंतीवरच्या तड्याकडे एकटक बघत निपचित पडलेली नायिका दुबळी म्हणून हिणवू नका, ती खरी आहे. आणि नायिकेनं पटकन फुलदाणी उचलून त्याच्या डोक्यात घातलीच पाहिजे, असा आग्रह धरताना एवढा तरी विचार करा की तेच पान स्वतः गोठून गेलेली एखादी बाई वाचत असेल.

‘ती शेवटी सावरत नाही.’ सावरणं म्हणजे नेमकं काय हवंय? आघातानंतरच्या तणावविकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत जागा मिळाली तीच १९८० साली. पुढे १९९२ मध्ये मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जुळणं. हे काम कधीच पुरतं संपत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. चांगली कादंबरी हेच बारकाव्यानं दाखवते. कडी लावून झाल्यावरही ती पुन्हा उठून बघते. जिन्यात पावलं वाजली की तिच्या हातातलं काम थांबतं. कुठेही गेली तरी भिंतीला पाठ लावूनच बसते. आणि मग शेवटाकडे कधीतरी ती दाराकडे पाठ करून बसते, बोलण्याच्या नादात ते तिच्या लक्षातही येत नाही. संदेश लिहिणाऱ्याला यात काहीच घडलेलं दिसत नसेल. मला अख्खी कादंबरी त्या एका वाक्यात दिसते.

नवं फॅड आणि बिघडणारी मनं या दोन्ही आरोपांना एकच कथा पुरे. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांना बाळंतपणानंतर तीव्र नैराश्यानं घेरलं. १८८७ साली एका नामांकित डॉक्टरनं त्यांना सक्तीची विश्रांती दिली आणि पुन्हा लेखणी-कुंचला हाती धरू नका, असं बजावलं. या उपचारानं त्या पार कोसळायच्या बेतात आल्या. १८९२ मध्ये त्यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा छापून आली: खोलीत ठेवलेली बाई, भिंतीवरचा कागद, हळूहळू ढासळत जाणारं मन. बॉस्टनच्या एका डॉक्टरनं तक्रार केली की ही गोष्ट वाचून कोणालाही वेड लागेल. आजचा संदेश वेगळं काय म्हणतोय? गिलमन यांनी १९१३ मध्ये उत्तर दिलं की कथा लोकांना वेडं होण्यापासून वाचवण्यासाठीच लिहिली होती. ती वाचून हादरलेल्या एका कुटुंबानं तशाच अवस्थेतल्या बाईला मोकळं केलं आणि ती बरी झाली, हेही त्यांनी नोंदवलंय.

जखम ताजी असताना असं वाचन झेपत नाही, हे मला मान्य आहे. पण वाचायचं की मिटून ठेवायचं, हे त्या बाईला ठरवू द्या.

राहिला बाजार. इथे मात्र संदेशात तथ्य आहे. काही लेखक बलात्काराचं वर्णन चवीनं करतात आणि मग त्या बाईला विसरून गुन्हेगाराच्या डोक्यात जाऊन बसतात. मला त्याची चीड येते. हल्ल्याला किती पानं दिलीत आणि तिच्या दुसऱ्या दिवसाला किती, ते मोजून बघा. हल्ला पंधरा पानं आणि दुसरा दिवस अर्ध्या वाक्यात उरकलेला असेल, तर त्या पुस्तकावर नाव घेऊन टीका करा. मीही करेन.