आठवीचा भागाकार आणि दिवाळीनंतरची हजेरी

परवा ग्रामसभेत आबा उभे राहून म्हणाले, "आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत काही राहिलं नाही. आठवीच्या पोराला भागाकार येत नाही." मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, तरी मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिते.

आबा, भागाकार येत नाही हे खरंय. मी वर्गात बसून बघितलं. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागताना पोरं अडतात. पण मी त्यांची हजेरीही बघितली. जूनपासून दिवाळीपर्यंत भरलेली, पुढे थेट मार्च-एप्रिलपर्यंत गैरहजर. गुरुजी फळ्यावर गणित सोडवत होते तेव्हा ही पोरं आई-बापासोबत साखर कारखान्यावर ऊसतोडीला होती.

आपण बीड जिल्ह्यातली माणसं, हे कुणी समजावून सांगायला नको. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतली की कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, जाणारच. लहानग्याला आजीजवळ ठेवता येतं. सहावी-सातवीतलं पोर मात्र हाताशी आलेलं असतं. ते उसाच्या मोळ्या बांधू लागतं, पोरगी कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते. आणि वयात येणारी लेक कुणाच्या भरवशावर मागे ठेवायची, हा आईचा प्रश्न काही खोटा नाही. मी स्वतः सातवीत असताना अशीच गेले. परत आले तोवर वर्गात शेकडेवारी होऊन गेली होती. ती मला पुढे कधीच नीट आली नाही.

शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास शाळा भरवायला सांगतो. शाळा तेवढी भरतेही, पण या लेकरांच्या वाट्याला त्यातली निम्मीच येते. त्यात आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही राहिलं तर त्याच वर्गात बसायचं. उसाच्या फडावरून एप्रिलमध्ये आलेलं पोर ती कशाच्या जोरावर देणार? नापास झालं की पुढच्या हंगामात त्याच्याही हातात कोयता येतो. हे मी माझ्या भावकीत बघितलंय.

हंगामी वसतिगृह, म्हणजे आई-बाप तोडीला गेल्यावर पोरांच्या गावातच राहण्या-जेवणाची सोय, याच लेकरांसाठी असतं. पण गेल्या साली मंजुरी आली तेव्हा गाड्या निघून महिना झाला होता. उरलेल्या चार पोरांना आपण जेवू घातलं. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, कोण जाणार ते गावाला तेव्हाच कळतं. मग वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीच्या तोंडावर का जातो? यात आम्ही समितीवालेही चुकलो, मी धरून.

यंदा मी यादी आत्ताच करतेय. ज्यांच्या घरात सहावी ते आठवीचं लेकरू आहे आणि जोडी जाणार आहे, त्यांनी नाव द्या. पोरींच्या मुक्कामाला दोन बाया लागतील. एक मी आहे, दुसरी हवी. आणि आबा, तुम्हाला शाळेची कळकळ आहे म्हणूनच तुम्ही बोललात. रविवारी सकाळी वस्तीवर घरोघर जायचंय, माझ्यासोबत चला. तुमचा शब्द मुकादमही ऐकतात.