पासपोर्टच्या फोटोबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

‘निळ्या पार्श्वभूमीचे सहा फोटो न्या, नाहीतर बेळगावच्या पासपोर्ट केंद्रातून परत पाठवतात’ असा मेसेज खानापूर-निपाणीच्या ग्रुपांवर फिरतोय. तो खरा नाही. पासपोर्ट सेवेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या सूचना स्पष्ट आहेत: मोठ्यांचा फोटो पासपोर्ट केंद्रातच काढतात, बोटांचे ठसेही तिथंच घेतात. आपल्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातही तसंच. मागे पांढरा पडदा असतो, म्हणून गडद कपडे घाला. छापील फोटो लागतो तो चार वर्षांखालच्या बाळाचा: पांढरी पार्श्वभूमी, ४.५ बाय ३.५ सेंटीमीटर. तान्हं बाळ असलेल्यांनी एवढं नीट पाहून जावं. खेड्यातल्या माणसांचे पैसे असे नको ते फोटो काढण्यात फुकट जातात, म्हणून कळकळीनं सांगतोय, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.