ऑक्सिजन हलका आहे, पण तेवढं कारण पुरत नाही

आर्गॉन आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा केला की ऑक्साइडमधून धातूपेक्षा ऑक्सिजन जास्त उडतो आणि त्यामागे बंधांची ताकद असते, असं मी लेखात लिहिलं होतं. त्या लेखाला तुम्ही सविस्तर हरकत घेतलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं: ऑक्सिजन हलका म्हणून तो आधी उडतो, इतकं सरळ कारण असताना मी बंधांचं प्रकरण उगाच वाढवलं, आणि माऱ्याने ऑक्साइड बिघडत असेल, तर नमुने साफ करायला तोच कसा चालतो? शिवाय तुमच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरात आतवर टायटॅनियम +३ (ऑक्सिजन कमी पडल्यावरची अवस्था; पूर्ण ऑक्साइडात ते +४ असतं) सापडलं, ते खरंच तिथे होतं असं तुम्ही धरून चालला आहात.

हलकेपणाचा मुद्दा मला पटत नाही. अणुभार बघा: आर्गॉन ४०, टायटॅनियम ४८, ऑक्सिजन १६. समोरासमोरच्या टकरीत आर्गॉन आपली ९९ टक्के ऊर्जा टायटॅनियमला देऊ शकतो, ऑक्सिजनला फार तर ८२ टक्के. म्हणजे थेट धडकेत जास्त ऊर्जा जड अणूलाच मिळते! पण बाहेर पडणारे बहुतेक अणू थेट धडकेने पडतच नाहीत. आयन आत शिरला की टकरींची मालिका सुरू होते आणि तिच्या शेवटी जेमतेम ऊर्जा उरलेले अणू पृष्ठभागाचं बंधन तोडून निसटतात. पीटर सिगमंड यांच्या १९६९च्या सिद्धांतानुसार अशा वेळी कोण निसटणार हे बंधनऊर्जेवर जास्त ठरतं, वस्तुमानावर कमी. झिर्कोनियम (९१) टायटॅनियमच्या जवळजवळ दुप्पट जड आहे, तरी माऱ्याखाली झिर्कोनियापेक्षा (झिर्कोनियमच्या ऑक्साइडपेक्षा) टायटॅनियम डायऑक्साइडचंच क्षपण, म्हणजे ऑक्सिजन गमावणं, सहज होतं. टायटॅनियमला +३ अवस्था मानवते, झिर्कोनियमला नाही. वस्तुमानाने हे कसं समजावणार?

सफाईचा प्रश्न मात्र रास्त आहे, लेखात तो यायला हवा होता असं वाटावं इतका. सफाईत मारा ही निम्मीच कृती असते. त्यानंतर स्फटिक अतिउच्च निर्वातात साधारण ९०० केल्विनपर्यंत तापवतात. जास्तीचं टायटॅनियम आत सरकतं आणि पृष्ठभागाची रचना पुन्हा बसते. ही आवर्तनं वाढली की पारदर्शक स्फटिक निळा पडतो, कारण ऑक्सिजनची तूट आता गाभ्यात गेलेली असते. त्यातून येणारी विद्युतवाहकता एसटीएमवाल्यांना (सूक्ष्म विद्युतप्रवाहाने पृष्ठभागावरचे अणू बघणाऱ्यांना) हवीच असते.

खोलीनुसार एक्सपीएस (क्ष-किरणांनी सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून अणूंची अवस्था ओळखण्याचं तंत्र) घेताना हे तापवणं नसतं. मारा करायचा आणि त्याच जखमी पृष्ठभागाचा वर्णपट घ्यायचा. ४५९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (टायटॅनियम +४च्या) शिखराला ४५७च्या आसपास खांदा, म्हणजे +३ची खूण, फुटतो, तो माऱ्यानेही फुटतो. म्हणून तुमचा निष्कर्ष मी आत्ता तरी मान्य करणार नाही. सुट्या आयनांऐवजी आर्गॉनचे पुंजके (अनेक अणूंचे एकत्र गट) वापरूनही ही शंका पूर्ण मिटत नाही. १०,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट २,००० अणूंत वाटले की अणूमागे ५च उरतात, इजा उथळ होते, पण टायटॅनियमचं क्षपण थोडंफार होतंच.

पूर्ण ऑक्सिडीकृत रुटाइलच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका रूपाच्या) स्फटिकावर तेवढाच मारा करून बघा. तिथेही तसाच खांदा आला, तर तुमच्या थराबद्दल त्यावरून काहीच म्हणता येणार नाही. तुमच्या थरात तो स्पष्टपणे मोठा निघाला, तर पुढे बोलण्यासारखं आहे. दोन्ही वर्णपट इथेच टाका, माऱ्याआधीच्यांसकट.